धम्म-अभ्यास : श्रावस्तीतील आवई



पंचशीलांपैकी चोरी, व्यभिचार, दारू यांविषयीची शीले घरातील लहान मुलालाही चटकन कळतात. चौथ्या शीलापाशी आल्यावर मात्र पुष्कळजण म्हणतात, आम्ही कुठे खोटे बोलतो? आम्ही ऐकले तेच सांगितले. आजचा पाठ या 'ऐकले तेच सांगितले' याविषयीच आहे. शक्य तर संध्याकाळच्या वंदनेनंतर मुलांना जवळ बसवून तो वाचावा.

भगवान बुद्ध श्रावस्तीस जेतवनात राहत असतानाची गोष्ट आहे. बुद्धांचा मान वाढला आणि इतर पंथांच्या काही परिव्राजकांना ते सहन होईना. त्यांच्यात सुंदरी नावाची एक परिव्राजिका होती. त्यांनी तिला वरचेवर जेतवनाकडे जावयास सांगितले. ती त्या वाटेने जाते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे त्यांनीच तिचा खून करविला, प्रेत जेतवनानजीक टाकले आणि ती नाहीशी झाल्याची फिर्याद राजाकडे नेली. शोध झाला आणि प्रेत सापडले. मग काय विचारता! भिक्षू भिक्षेसाठी नगरात शिरले की लोक त्यांना तोंडावर खुनी म्हणत. बुद्धांनी भिक्षूंना भांडू दिले नाही, नगर सोडून पळूही दिले नाही. ही ओरड सात दिवसांपलीकडे टिकणार नाही, असे त्यांनी सांगितले. पुढे मारेकरीच मिळालेल्या पैशांची दारू पिऊन आपसांत भांडले, बोलून गेले आणि राजाच्या माणसांच्या हाती सापडले. डॉ. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा प्रसंग मुद्दाम घेतला आहे.

आता येथे थोडे थांबा. श्रावस्तीचे लोक दुष्ट होते काय? नव्हते. ते खोटे बोलत होते काय? तेही नाही. सुंदरी जेतवनाकडे जाताना दिसली, हे खरे. प्रेत जेतवनाजवळ सापडले, हेही खरे. दोन खऱ्या गोष्टींच्या मधली जागा कोणी पाहिली नव्हती, आणि ती त्यांनी मनाने भरून काढली. अफवा पुष्कळदा अशीच तयार होते. तिच्यात खऱ्याचा अंश असतो म्हणूनच ती पचते. ज्याने कट रचला त्याला फार बोलावेही लागत नाही, उरलेले काम सज्जन माणसे करतात.

आपल्या लोकांनी याची किंमत मोजलेली आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी पाणी घेतले. त्यानंतर थोड्याच वेळात गावात हूल उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा कोणाचाही बेत नव्हता. कोणी विचारावयासही आले नाही. लाठ्या घेऊन जमाव आला आणि परिषदेच्या मंडपात जेवत असलेल्यांची, वाटेने एकट्यादुकट्याने घरी निघालेल्यांची डोकी फुटली. लाठी उचलणाऱ्यांपैकी कित्येकांना आपण धर्म वाचवीत आहोत असेच मनापासून वाटत असेल.

वर्तमानपत्राचे काय? छापून आले म्हणजे खरे, ही समजूत आपल्या घरांत अजून आहे, आणि ज्यांना शाळेचे तोंड उशिरा दिसले त्यांना छापील अक्षराचा दरारा वाटावा यात नवल नाही. परंतु १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने घेतली नाही. पत्र काय छापते याइतकेच ते काय छापत नाही हेही पाहावे लागते.

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची गावच्या जमावाने हत्या केली. वडील तेवढे वाचले. सुरुवातीच्या बातम्या त्रोटक होत्या, आणि काहींनी तर अनैतिक संबंधांमुळे गाव चिडले असे लिहिले. मेलेल्या बाईला उत्तर देता येत नाही. वास्तविक त्या घरामागे जमिनीचा जुना तंटा होता, आणि मायलेकींनी एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपींना ओळखून साक्ष दिली होती. आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी हे घडले. मोठ्या वर्तमानपत्रांनी या प्रकरणाकडे नीट पाहिले ते सुमारे महिन्याने, लोक रस्त्यावर उतरल्यावर. तोवर 'अनैतिक संबंध' हे दोन शब्द पुष्कळ घरांत पोहोचून गेले होते. ते शब्द पुढे सांगणाऱ्यांपैकी एकही खैरलांजीला गेलेला नव्हता.

येथवर वाचताना तुम्ही मान डोलावली असेल, कारण येथवर चूक दुसऱ्यांची होती. आता आपल्याकडे वळू.

६ डिसेंबर २०१९ चा दिवस. चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करण्यासाठी लाखो लोक रांगेत उभे होते. त्याच पहाटे हैदराबादजवळ पोलिसांनी चार आरोपींना गोळ्या घातल्या होत्या. नऊ दिवसांपूर्वी, २७ नोव्हेंबरला, एका तरुण पशुवैद्य मुलीवर बलात्कार करून तिला ठार मारण्यात आले होते. गुन्हा असा भयंकर की ऐकूनच अंगावर काटा यावा. चकमकीच्या जागी लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. दूरदर्शन संचापुढे बसलेल्या माणसांनी 'न्याय झाला' म्हटले. मी त्या दिवशी दादरला ज्यांच्या घरी उतरलो होतो तेथेही, निळी टोपी डोक्यावर असताना, हेच वाक्य उच्चारले गेले, आणि खरे सांगतो, मीही ते लगेच खोडून काढले नाही.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल मे २०२२ मध्ये खुला झाला. आरोपींना ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या घालण्यात आल्या, पोलिसांनी सांगितलेली हकीकत विश्वास ठेवण्याजोगी नाही आणि चौघांपैकी तिघे त्या वेळी अठरा वर्षांखालील होते, असा निष्कर्ष आयोगाने काढला. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालावा अशी शिफारस केली. फुले उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी हा अहवाल वाचला असेल?

कोणी विचारील, तुम्ही गुन्हेगारांची बाजू घेता काय? नाही. त्या मुलीची बाजू घेऊनच हा प्रश्न विचारावा लागतो. तिला कोणी मारले हे आजवर कोणत्याही न्यायालयात पुराव्याने ठरलेले नाही आणि त्या चौघांवरील खटल्यात आता कधी ठरणारही नाही. ते चौघे दोषी असतीलही. परंतु पोलिसांनी पकडले आणि आपण मानले, यापलीकडे आपल्यापाशी काही नाही. सुंदरी जेतवनाकडे जाताना दिसली होती, त्यातलाच हा प्रकार. आणि व्यवहाराचेही पाहा. विनाचौकशी गोळी घालण्याची मुभा एकदा दिली की ती बंगल्यांच्या दिशेने क्वचितच जाते. ट्रकवर काम करणारी, वस्तीत राहणारी, वकील न परवडणारी पोरे प्रथम सापडतात. आपली पोरे कोठे राहतात?

बाबासाहेबांपुढे संतापाची कारणे कमी नव्हती. महाडच्या दुसऱ्या परिषदेपूर्वी तळ्याविरुद्ध न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला, तेव्हा पाणी घेण्यास आलेल्या हजारोंना त्यांनी थांबविले आणि दावा लढविला. उच्च न्यायालयाचा निकाल मिळाला तो १९३७ साली. दहा वर्षे! ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीच्या अपिलांवर चर्चा चालू असताना त्यांनी, फाशीची शिक्षाच रद्द व्हावी हे आपल्याला अधिक पसंत आहे, असे सांगितले. हे मत आपल्यातल्या पुष्कळांना रुचत नाही. रुचत नाही म्हणून ते झाकून ठेवू नये, घरात त्यावर बोलावे.

न्यायालय म्हणते तेही डोळे मिटून घ्यावे असे मात्र नाही. खैरलांजीत भंडारा न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद केली. दोन्ही ठिकाणी अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू धरला गेला नाही. त्यावर आपण टीका केली आणि ती करणे योग्यच होते. फरक इतकाच की ही टीका निकालपत्र हाती घेऊन करता येते. कारणे लिहिलेली असतात, म्हणून त्यांना उत्तर देता येते. बंदुकीची गोळी कारणे लिहीत नाही.

मग ऐकलेल्या गोष्टीचे करावे काय? राजगृहाहून नालंदेस जाणाऱ्या वाटेवर सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्धांची निंदा करीत आणि त्याचाच शिष्य स्तुती करीत चालला होता. भिक्षूंमध्ये त्याची चर्चा झाली. तेव्हा बुद्धांनी सांगितले त्याचा आशय असा : कोणी माझी, धम्माची किंवा संघाची निंदा केली तर रागावू नका, कारण रागावलात तर तो बोलला ते खरे की खोटे हे तुम्हालाच कळणार नाही. जे खोटे आहे ते कोणत्या कारणाने खोटे आहे हे दाखवून द्या. स्तुती झाली तरी हुरळू नका. निंदेइतकीच स्तुतीही तपासून घ्या, हा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्या बाजूची बातमी आपण कधी तपासतच नाही.

एक साधे उदाहरण घेऊन थांबतो. तुम्ही दीक्षा घेतल्यावर शेजारी कोणीतरी सांगितले असेल, 'आता तुमच्या सवलती गेल्या.' ऐकून घरातील म्हातारी माणसे घाबरतात. १९९० साली कायदा होऊन अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झालेला आहे. शेजाऱ्याशी वाद न घालता विहारातील जाणत्याकडून तो कायदा मागून घ्या, मुलीला मोठ्याने वाचावयास सांगा, आणि मग त्याच शेजाऱ्याला चहाला बोलावून तोही वाचून दाखवा.