प्रकाशाने मुक्त होणारे इलेक्ट्रॉन

घासून लख्ख केलेल्या जस्ताच्या पत्र्यावर ऋण विद्युत् भार ठेवून त्यावर जंबुपार किरण सोडले, तर तो भार झपाट्याने नाहीसा होतो. मध्ये साधी काच धरली, की ही क्रिया थांबते. कारण काच हे किरण अडविते. १८८७ साली हाइन्रिख हर्ट्‌झ यांना या घटनेची पहिली चाहूल लागली आणि १८८८ मध्ये व्हिल्हेल्म हालवाक्स यांनी जस्ताच्या पत्र्यावर तिचा पद्धतशीर अभ्यास केला. अशा वेळी पत्र्यातून जे बाहेर पडते, ते इलेक्ट्रॉनच होत, हे १८९९ मध्ये जे. जे. टॉमसन यांनी दाखवून दिले. यालाच प्रकाशविद्युत् परिणाम म्हणतात.

प्रकाश ही तरंगरूप ऊर्जा असल्याने तिच्या आघाताने इलेक्ट्रॉन सुटावेत, यात नवल नव्हते. नवल होते ते निराळेच. १९०२ मध्ये फिलिप लेनार्ड यांना आढळले, की प्रकाश प्रखर केल्यास सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते; परंतु प्रत्येकाची ऊर्जा मात्र वाढत नाही. ती अवलंबून असते प्रकाशाच्या रंगावर, म्हणजेच कंप्रतेवर. तरंग-सिद्धांताला हे कोडे उलगडेना.

१९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी सुचविले, की प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुंजांच्या स्वरूपात येते आणि एक पुंज एकाच इलेक्ट्रॉनाला आपली सर्व ऊर्जा देतो. आडाचे पाणी दहा हात खोल असेल, तर नऊ हातांचे शंभर दोर सोडूनही पोहरा पाण्याला टेकत नाही. अकरा हातांचा एकच दोर पुरतो आणि वर हातभर उरतो. जस्तातून इलेक्ट्रॉन सुटण्यास सुमारे ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. तांबड्या प्रकाशाच्या पुंजात ती सुमारे १.८ व जांभळ्यात सुमारे ३.१ असते. म्हणून दृश्य प्रकाश कितीही प्रखर असला, तरी जस्तावर त्याचा प्रभाव पडत नाही. दोर उरावा तशी जी ऊर्जा उरते, ती इलेक्ट्रॉनाच्या गतीत दिसते.

शिकागो येथील रॉबर्ट मिलिकन यांना ही कल्पना मुळीच पटली नव्हती. निर्वात नळीतच सोडियमसारख्या धातूंचा पृष्ठभाग तासून त्यांनी अत्यंत काटेकोर मापने केली. १९१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा आइन्स्टाइन यांचे समीकरण तंतोतंत खरे ठरले होते! स्वतःच्या मताविरुद्ध गेलेला निष्कर्ष मिलिकन यांनी जसाच्या तसा मांडला, हे विशेष. आइन्स्टाइन यांना १९२१ चे आणि मिलिकन यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हेच मिलिकन १९३९-४० च्या हिवाळ्यात विश्वकिरणांच्या मापनासाठी भारतात आले होते. त्यांची उपकरणे घेऊन फुगे बेंगळूरच्या आकाशातही चढले.

त्याच शहरातील बनशंकरीसारख्या वस्तीत गच्च्यांवर सूर्यप्रकाश झेलणारी दोन प्रकारची साधने आढळतात. पाणी तापविणाऱ्या साधनात प्रकाशाचे केवळ उष्णतेत रूपांतर होते. वीज देणाऱ्या सौर घटात मात्र प्रकाशपुंज सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळे करतात; ते पदार्थाबाहेर न पडता आतल्या आत वाहू लागतात. त्यासाठी सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते. सूर्यप्रकाशातील त्याहून दुबळे अवरक्त पुंज पाणी तापविण्यास हातभार लावतात. परंतु त्यांचा कितीही वर्षाव झाला, तरी सौर घटातून त्यांच्यामुळे वीज मिळत नाही.