हॅचिंग कुठे करायचं नाही?

दहावी-बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत एक प्रश्न निघतो : पोराला कॅडचा, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढण्याचा, क्लास लावायचा का? फी मोठी असते, म्हणून काळजीही मोठी. आता तिला आणखी एक जोड मिळाली आहे. सगळं संगणकच करणार असेल, तर ड्रॉइंग काढणाऱ्याला कोण विचारणार? या प्रश्नांचं उत्तर ड्रॉइंगमधल्या एका लहानशा कामात सापडतं. ते काम म्हणजे हॅचिंग.

एखादा जॉब मधोमध कापला तर आतून कसा दिसेल, हे सेक्शन दाखवतो. कापताना जिथे धातू लागला, तिथे बहुधा ४५ अंशांत, सारख्या अंतरावर बारीक तिरक्या रेघा मारतात. ऑटोकॅडमध्ये ‘एच’ टाइप करून एंटर दाबायचं, पॅटर्न निवडायचा आणि बंद आकाराच्या आत क्लिक करायचं. बहुतेक जण ‘एएनएसआय ३१’ हाच पॅटर्न घेतात. रेषांची टोकं जुळली नसतील तर सॉफ्टवेअर हद्द सापडत नाही म्हणून अडतं, आणि स्केल फार बारीक पडलं तर सगळा भाग काळाकुट्ट दिसतो. एवढं शिकायला एक दुपार पुरे. सॉलिडवर्क्ससारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तर सेक्शन घेतला की रेघा आपोआप पडतात.

कुठे रेघा मारायच्या नाहीत, ते शिकायला मात्र वेळ लागतो. शाफ्ट, बोल्ट, नट, की, पिन, रिव्हेट लांबीच्या दिशेनं कापले गेले तरी त्यांच्यावर हॅचिंग करत नाहीत. असेंब्लीत शेजारच्या दोन पार्टांच्या रेघा उलट दिशांना जातात. तिसरा पार्ट आला तर अंतर बदलायचं. एकाच पार्टच्या रेघा मात्र सगळ्या व्ह्यूंमध्ये सारख्याच हव्यात. गॅस्केटसारखी पातळ वस्तू सरळ काळी भरतात. मापाचा आकडा मध्ये आला तर रेघा तिथे तुटतात. हे सगळं भारतीय मानक ब्यूरोच्या ‘एसपी ४६’ या पुस्तिकेत आहे आणि ती शाळा-कॉलेजांसाठीच काढलेली आहे.

सर्वांत जास्त चुका रिबवर होतात. बेअरिंग हाउसिंगच्या तळाला आणि उभ्या भागाला आधार देणारी पातळ रिब असते. सेक्शन तिच्या लांबीतून गेला आणि तिच्यावरही रेघा पडल्या, तर बघणाऱ्याला तिथे पातळ आधाराऐवजी भरीव ठोकळा दिसतो. म्हणून रिब कोरी सोडतात. सॉफ्टवेअरला मॉडेलमध्ये ती रिब म्हणून कळली असेल तर ते तिला वगळू शकतं. साध्या ठोकळ्यासारखी काढली असेल तर तिच्यावरही रेघा मारून मोकळं होतं. ते ओळखणं माणसाचं काम आहे, आणि पगार त्याचाच मिळतो.

कोल्हापूरच्या मुलांना इथे एक मोठा फायदा आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी : या पट्ट्यात फौंड्री, पॅटर्न शॉप आणि मशीन शॉप एकमेकांना लागून आहेत. शिरोलीत मेनन पिस्टन्स, उचगावला घाटगे-पाटील इंडस्ट्रीज, कागलला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. इथे सेक्शन कागदावर राहत नाही. रेघा जिथे आहेत तिथे ओतलेलं लोखंड येणार. आतली जी पोकळी कोरी आहे, तिथे बहुधा वाळूचा कोअर बसणार आणि त्यासाठी कोअर बॉक्स हा साचा बनवावा लागणार. सिलिंडर हेडमधल्या पाण्याच्या वाटा अशाच तयार होतात. कास्टिंगचा भाव बऱ्याचदा किलोवर ठरतो. बिडाच्या एका घन सेंटिमीटरचं वजन साधारण ७.२ ग्रॅम. १०० बाय ५० बाय ५० मिलिमीटरची पोकळी भरीव धरली, तर एका नगामागे १.८ किलोचा फरक पडतो. हजार नगांच्या ऑर्डरीत तो किती होईल, ते मुलांनीच काढून बघावं.

आता मार्ग. दहावीनंतर आयटीआयचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. मेकॅनिकल डिप्लोमा तीन वर्षांचा. विद्यानगरातलं शासकीय तंत्रनिकेतन आपल्या गावातच आहे. आयटीआय करून डिप्लोमाच्या आणि डिप्लोमा करून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्यामुळे दहावीनंतर लहान वाट धरली म्हणून पुढचं दार बंद होत नाही. नुसत्या कॅड क्लासच्या प्रमाणपत्रावर मात्र माझा भरवसा नाही. या शिक्षणाच्या जोडीला क्लास जरूर लावा, त्याऐवजी नको. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हेही पालकांनी आधीच धरून चालावं. डिझाइन, टूलिंग, पॅटर्न डेव्हलपमेंट, कॉस्टिंग, क्वालिटी या वाटा कामातून पुढे खुलतात.

फी भरण्याआधी क्लासवाल्यांना विचारा : मुलांना खरे जॉब मोजायला देता का? व्ह्यू मांडण्याच्या फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल या दोन्ही पद्धती शिकवता का? आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतो, पण अमेरिकन गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं आणि निर्यातीचं काम करणाऱ्या कारखान्यात दोन्ही टेबलावर असतात. मुलांनी काढलेली ड्रॉइंगं कोण तपासतं, कोणत्या मानकाप्रमाणे? उत्तरात फक्त सॉफ्टवेअरची नावं आली, तर दुसरा क्लास बघा.

आणि मुलांनो, भंगारातून एक जुना व्हॉल्व्ह किंवा पाण्याच्या मोटरीचं केसिंग आणा. व्हर्नियरनं मोजा, हातानं स्केच करा, मग संगणकावर सेक्शन काढा. ओळखीच्या पॅटर्नमेकर काकांना तो दाखवून एवढंच विचारा, ‘यावरून कोअर बॉक्स बनवाल का?’ ते जिथे अडतील ती जागा दुरुस्त करा, आणि मुलाखतीला जाताना दोन्ही कागद, आधीचा आणि दुरुस्त केलेला, सोबत न्या.