आधी प्रवेश, मग प्रमाणपत्र : दिव्यांग मुलांचा शिक्षणाचा हक्क



जून महिना आला की हे वाक्य हमखास कानावर येतं : "आधी सर्टिफिकेट आणा, मग प्रवेशाचं बघू." या 'मग बघू'मध्ये मुलाचं अख्खं वर्ष निघून जातं. म्हणून कायदा नेमकं काय सांगतो, ते आज समजून घेऊया.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचाही त्यात समावेश आहे.

शाळेच्या दृष्टीने तीन कलमं महत्त्वाची :

१) कलम १६ : शासनमान्य व अनुदानित शाळांत दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा. खेळातही समान संधी द्यायची. मुलाच्या गरजेनुसार सोयी करायच्या आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची.

२) कलम १७ : परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट असे बदल करायचे.

३) कलम ३१ : ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण. शेजारची शाळा की विशेष शाळा, ही निवड त्याची.

आता नीट बघा. ४० टक्क्यांची अट कलम ३१ मध्ये आहे, कलम १६ मध्ये नाही. म्हणजे प्रमाणपत्र नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

समजा, तिसरीतला एक मुलगा पाढे तोंडी घडाघडा म्हणतो, पण वहीत 'ब' आणि 'व' यांची गल्लत करतो, फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळतो. त्याला लगेच 'आळशी' म्हणू नका. त्याची उत्तरं तोंडी घ्या, पुढच्या बाकावर बसवा, लिहायला थोडा वेळ जास्त द्या. यासाठी कुठल्याही कागदाची गरज नाही. सोबत नोंदी ठेवा आणि गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना कळवा. एका लक्षणावरून निदान मात्र आपण करायचं नाही, ते तज्ज्ञांचं काम.

पालकहो, प्रमाणपत्र नकोच असं नाही. मोफत साहित्य, शिष्यवृत्ती, बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलती यांसाठी ते लागतं, म्हणून यूडीआयडी कार्डासाठी अर्ज जरूर करा. पण तोवर मूल घरी ठेवू नका. तीव्र किंवा बहुविकलांग मुलांसाठी २०१२ च्या दुरुस्तीनंतर आरटीईत घरी शिकण्याचा पर्याय आहे. तो हक्क मुलाचा आहे, शाळेची सुटका नव्हे.

प्रवेश नाकारला तर तोंडी भांडण्यात वेळ घालवू नका. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरी दाद मिळाली नाही तर गटशिक्षणाधिकारी आणि पुढे राज्याचे दिव्यांग आयुक्त यांच्याकडे जाता येतं.

आणि शिक्षक मित्रांनो, पालक दारात येतात तेव्हा त्यांना कायदा सगळ्यात आधी आपल्या तोंडून कळतो. तो पूर्ण सांगूया.