निकाल लागलेला दावा पुन्हा दारात

वाटणीपत्र खरं ठरलं, जिल्हा न्यायालयानं अपीलही फेटाळलं, तरी बेलिफ पुन्हा दारात आला. वादी तोच, माझा चुलतभाऊ. वकील देत नाही, स्वतःच उभा राहतो. आमची काही जमीन कराड तालुक्यात, काही वाळवा तालुक्यात. यातला थोडाही भाग हद्दीत असला की त्या कोर्टात दावा लावता येतो. म्हणून कराडला हरला की इस्लामपूर.

स्वतःचा दावा स्वतः चालवणं हा हक्कच आहे, आणि ज्याला वकील परवडत नाही त्याला तो हवाच. पण हा न्यायाधीशांपुढे हात जोडायचा, "साहेब, मी अडाणी, मला कायदा कळत नाही." बाहेर आला की मला ऐकवायचा, "दादा, तू वकिलावर पैसे घाल. मला तारखेला एसटीचं तिकीट पुरतं." अंगाची आग व्हायची.

एका रात्री जुन्या आणि नव्या दाव्याच्या प्रती शेजारी ठेवून ओळीनं वाचल्या. चतुःसीमा त्याच. आजोबांच्या नावातली चूकसुद्धा तीच! गट नंबरांची अदलाबदल केलेली, म्हाताऱ्या आत्याला नव्यानं प्रतिवादी केलेलं आणि दाव्याला कारण घडल्याची तारीख अलीकडची टाकलेली. आधीच्या निकालाबद्दल अवाक्षर नाही. निकालाशी त्याला देणंघेणं नाही, हे मला तिथं उमगलं. सातबाऱ्यावर इतर हक्कात दाव्याची नोंद राहिली की गिऱ्हाईक फिरकत नाही, बँक कर्ज देत नाही. त्याला तेवढंच पाहिजे होतं.

म्हणून सांगतो, पहिला निकाल लागताच दावा, कैफियत, मुद्दे, न्यायनिर्णय आणि हुकूमनामा, सगळ्यांच्या सही-शिक्क्याच्या नकला काढा. नुसता हुकूमनामा पुरत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११ लागू करून घ्यायचं तर पक्षकार तेच, वाद तोच आणि तो ऐकून निकाली निघालेला, हे कागदांवरून दिसावं लागतं. आमच्या आधीच्या वकिलांनी ऑर्डर ७, नियम ११ खाली अर्ज देऊन एक दावा नामंजूर करून घेतला. पण त्यानंतरही नियम १३ प्रमाणे वादी नव्यानं येऊ शकतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. बेळगावच्या एका मिळकतीच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटलंय की, जुन्या दाव्याचे कागद तपासावे लागणार असतील तर त्या अर्जावर दावा नामंजूर करता येत नाही. तेव्हा ऑर्डर १४ खाली प्राथमिक मुद्दा काढायला लावा. आमचा शेवटचा दावा त्याच मुद्द्यावर फेटाळला गेला.

तारीख चुकवू नका. निशाणी ५ चा मनाई अर्ज येण्याआधी कॅव्हेट दाखल करा. ते ९० दिवसच चालतं, पुन्हा भरावं लागतं. भरपाईची आशा मात्र धरू नका. खोट्या दाव्याबद्दल कलम ३५अ खाली ३,००० रुपयांच्या वर मिळत नाहीत. एवढ्यात वकिलाची एका टप्प्याची फीसुद्धा भागत नाही! सवयीनं खोटे दावे लावणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७१ चा कायदा आहे, पण त्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज महाधिवक्त्यांनी करायचा असतो. शेतकऱ्यानं त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं? १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठणं तरी टळलं.

आता तो गावात सांगत फिरतो की, कोर्टानं त्याचं ऐकूनच घेतलं नाही. रोजनाम्याची नक्कल माझ्याकडे आहे. त्याला बोलायला दिलेली प्रत्येक तारीख तीत नोंदलेली आहे. ज्याला शंका असेल त्यानं घरी येऊन वाचावी.