सिंथेसायझरची आठवण आणि तीन व्होल्टचा सेल

पेटी वर्षभर कपाटात पडून राहिली तरी तिचा आवाज कुठे जात नाही. तो पितळी पट्ट्यांत असतो. इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरचे तसे नाही. त्यातला आवाज आकड्यांच्या रूपाने लिहून ठेवलेला असतो, आणि आकडे पुसले जाऊ शकतात.

जपानच्या यामाहा कंपनीने १९८३ साली बाजारात आणलेले डीएक्स-७ हे वाद्य उदाहरणादाखल घेऊ. त्यात एका आवाजाची सगळी माहिती, त्याच्या दहा अक्षरी नावासकट, १२८ बाइटांत मावते. असे ३२ आवाज आत साठवता येतात. म्हणजे एकूण ४,०९६ बाइट झाले. कंपनीने दिलेले मूळ आवाज वेगळ्या कायमच्या स्मृतीत, कार्ट्रिजमध्ये, मिळत असत. ते गेले तरी पुन्हा भरता येतात. पण एखाद्या वादकाने रात्र-रात्र बसून स्वतः जुळवलेला आवाज? तो फक्त ह्या ४,०९६ बाइटांत असतो. दुसरीकडे कुठेही नाही.

आता प्रश्न असा की वाद्याची वायर भिंतीतून काढल्यावर हे आकडे टिकतात कसे?

स्मृतीच्या चिपमध्ये प्रत्येक बिटासाठी दोन इलेक्ट्रॉनिक स्विचांची जोडी असते. पहिला चालू असला की तो दुसऱ्याला बंद ठेवतो, आणि दुसरा बंद असल्यामुळेच पहिला चालू राहतो. ही एक स्थिती म्हणजे १, आणि याच्या उलट स्थिती म्हणजे ०. जोडीला वीज मिळते तोवर ती आपली स्थिती सोडत नाही. वीज तुटली की दोघेही हात सोडतात. पुन्हा वीज आली म्हणजे प्रत्येक जोडी कशीही, वाटेल त्या बाजूला पडते. म्हणून सेल संपलेल्या जुन्या वाद्याच्या पडद्यावर आवाजांच्या नावांऐवजी निरर्थक अक्षरे दिसतात.

मात्र नुसती स्थिती धरून ठेवायला फार थोडी वीज लागते. सीमॉस जातीच्या अशा चिपांना साधारण २ व्होल्ट दाब आणि काही मायक्रोअँपिअर प्रवाह पुरतो. हे काम वाद्याच्या पोटातला ३ व्होल्टचा लिथियम सेल करतो. त्याचे नाव सीआर-२०३२. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. तो किती वर्षे पुरेल? गणित तुम्हीच करा. त्याची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे २,२०,००० मायक्रोअँपिअर-तास. प्रवाह २ मायक्रोअँपिअर धरला तर १,१०,००० तास होतात. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार साडेबारा वर्षांचा येतो. प्रवाह याहून कमी असेल तर सेल आणखी टिकतो.

वाद्य चालू असताना सेलला विश्रांती मिळते. सेलच्या वाटेवर एक डायोड असतो. तो प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो. मुख्य पुरवठ्याचा दाब ५ व्होल्ट, सेलचा ३. जास्त दाबाची बाजू स्मृतीला वीज पुरवते आणि डायोड सेलकडे उलटा प्रवाह शिरू देत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण हा सेल पुन्हा भारित करण्याजोगा नाही. त्यात उलटा प्रवाह घातला तर तो फुटूही शकतो.

सेल कधी बदलायचा? व्होल्टमापकावर फार विसंबू नका. लिथियम सेलचा दाब जवळजवळ आयुष्यभर ३ व्होल्टच्या आसपास राहतो आणि अखेरीस झपाट्याने उतरतो. आज ठीक दिसला म्हणून पुढच्या वर्षी ठीक असेलच असे नाही.

आणि सेल काढण्याआधी आवाज बाहेर काढून ठेवायचे, हे पहिले काम. डीएक्स-७ला मिडी जोडणी आहे. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटासाठी १० बिट जातात, म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट. ४,०९६ बाइट संगणकावर पोचायला दीड सेकंददेखील लागत नाही! एवढ्याशा वेळासाठी कंटाळा करून वर्षांची मेहनत घालवणे मला तरी पटत नाही. काही कारागीर वाद्य चालू ठेवूनच सेल बदलतात. ते करू नये. आत घरगुती विजेचा दाब असतो.

प्रत्यक्ष बदल जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावा. वायर भिंतीतून काढून थोडा वेळ थांबावे. जुना सेल पत्र्याच्या पट्ट्यांनी बोर्डावर सोल्डर केलेला असतो. नव्या सेलला थेट सोल्डर कधीही लावू नये, उष्णतेने तो फुटतो. त्याऐवजी सेल बसवायची खाच असलेला होल्डर बोर्डावर सोल्डर करावा. पुढच्या वेळी सोल्डरिंग लागणारच नाही. अधिक आणि उणे टोके जुन्या जागेप्रमाणेच यावीत. मग वाद्य चालू करून साठवलेले आवाज परत भरायचे.

दुसऱ्या एका वाद्याची गोष्ट मात्र इतकी सोपी नाही. कोर्ग कंपनीच्या १९८१ सालच्या पॉलिसिक्समध्ये पुन्हा भारित होणारा निकेल-कॅडमियम सेल आहे. तो म्हातारा झाला की गळतो. आतला द्रव म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, हा तीव्र अल्कली. तो बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेघा खातो, आणि आवाज तर जातातच, पण वाद्यही मुके होते. अल्कलीवर उपाय आम्लाचा, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकला आहात. दुरुस्ती करणारे हातमोजे घालून खराब जागी पातळ व्हिनेगर लावतात, नंतर ती जागा स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवतात आणि तुटलेल्या रेघांच्या जागी बारीक तारा जोडतात. म्हणून जुने पॉलिसिक्स हाती आले की जाणकार त्याची एकही पट्टी दाबत नाहीत. आधी झाकण उघडून तो सेल कापून काढतात.