आबांचे म्हणणे अर्धे खरे



मागच्या शनिवारी कवायत झाल्यावर आपण नाडी मोजली. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवायची आणि एक मिनिट ठोके मोजायचे. अंगठ्याने मोजायचे नाही, त्याची स्वतःची नाडी मधे येते. बसून मोजले तेव्हा बहुतेकांचे ठोके 80 ते 100 भरले. मैदानाला दोन फेऱ्या मारल्यावर ते 140-150 वर गेले. चौथीतल्या एकाने 260 सांगितले, पण तो फार घाईत मोजत होता!

तेवढ्यात एका मुलीने विचारले, "गुरुजी, आमचे आबा म्हणतात, शेतात राबणाऱ्याला हृदयाचा आजार होत नाही. खरं का?" मी तेव्हा गप्प राहिलो. आज उत्तर देतो.

आबांचे अर्धे म्हणणे खरे आहे. ते कसे कळले, त्याची गोष्ट मोठी मजेची आहे. लंडन शहरात दुमजली बसगाड्या असत. चालक दिवसभर बसून गाडी हाकी. वाहक मात्र तिकिटे देत जिना चढे-उतरे. दिवसाला 500 ते 750 पायऱ्या! गाडी तीच, रस्ता तोच. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी 1949 पासून अशा सुमारे 31,000 कामगारांच्या आजारांची नोंद तपासली. 1953 साली ती छापून आली. वाहकांना हृदयविकार चालकांपेक्षा बराच कमी होता. टपाल खात्यातही तसेच आढळले. पायी व सायकलवर पत्रे वाटणारे पोस्टमन बैठ्या कारकुनांपेक्षा बरे.

पण कुणी म्हणेल, चालक मुळातच जाडे असतील तर? मॉरिस यांनाही ही शंका होती. मग त्यांनी काय पाहावे? गणवेशाच्या विजारींची कंबरेची मापे! चालकांची कंबर खरोखरच मोठी निघाली. तरीसुद्धा बारीक चालक आणि बारीक वाहक यांची तुलना केली, तेव्हा फरक उरलाच. शंका आली की ती अशी मोजून पाहायची असते, हे मला फार आवडले.

हृदय म्हणजे स्नायूच. चालून, पळून तो बळकट होतो आणि एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतो.

आता उरलेले अर्धे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात 1948 पासून 5,209 स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली. वाढलेला रक्तदाब, रक्तातले जादा कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांनी हृदयविकाराचा धोका वाढतो, असे त्यातून दिसले. रक्तदाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही, म्हणून तो कळतच नाही. मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा नाही. लोणचे, पापड, ठेचा यांतले मीठही त्यातच धरायचे बरं का.

माझे वडील जन्मभर नांगर धरणारे. अंगावर चरबी नाही, पण बिडी सुटली नाही. 1996 साली एका संध्याकाळी त्यांची छाती भरून आली, दरदरून घाम सुटला, डावा हात दुखू लागला. आम्ही म्हणालो, गॅस झाला असेल. ओवा दिला, सोडा दिला, पाठ चोळली. त्यात दोन तास गेले. रक्त न मिळालेला हृदयाचा भाग तेवढ्या वेळात मरत असतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. पहाटे ते गेले. शनिवारी मी गप्प राहिलो तो यासाठी.

तेव्हा 108 क्रमांकाची रुग्णवाहिका नव्हती. आता आहे. हा आकडा घरी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. छातीत असे दुखले की ओवा शोधत बसू नका, आधी फोन करा.

आणि बाई, तुझ्या आबांना उपकेंद्रात घेऊन जा. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात, दुखत नाही. बिडीचे मात्र तूच विचार. नात विचारते तेव्हा आजोबांना उडवून लावता येत नाही.

येत्या शनिवारी पुन्हा नाडी मोजू. चौथीतल्या त्या गड्याने या वेळी सावकाश मोजावे.