ठेवणीतली पैठणी जपायची तर

आजी गेल्यावर तिच्या दागिन्यांच्या वाटण्या झाल्या, पण पैठणीला कुणी हात लावला नाही. ‘आईची आहे, राहू दे,’ असं आत्या म्हणाली आणि नारळी काठाची, पदरावर आसावलीची वेल असलेली ती जांभळी नऊवारी होती तशी ट्रंकेत गेली. पुढे कुठल्याच लग्नकार्यात ती काढायला कुणी धजलं नाही. आमच्या लेखी जपणं म्हणजे हात न लावणं.

चुलतबहिणीने लग्नात आजीचीच पैठणी नेसायची असं ठरलं, तेव्हा ट्रंक उघडली. वरून पैठणी नवी वाटत होती. काकूने घडी मोडायला घेतली आणि मोडीच्या रेषेवरच रेशीम विरत गेलं. डांबरगोळ्या टेकलेल्या जागी जर काळवंडली होती आणि टाचणीभोवती गंज धरला होता. काकू तिथेच खाली बसली.

येवल्यातल्या एका जुन्या विणकराने आम्हाला कारण समजावून सांगितलं. जुन्या पैठणीतली जर म्हणजे चांदीची तार, तिच्यावर सोन्याचा मुलामा. ती रेशमापेक्षा ताठ आणि जड असते. वर्षानुवर्षं एकच मोड राहिली की सगळा ताण तेवढ्याच धाग्यांवर येतो. पावसाळ्यातली दमट हवा पुढचं काम करते.

म्हणून ज्यांच्या घरी आजीचं असं वस्त्र आहे, त्यांना कळकळीने सांगते. पैठणी धुतलेल्या, बिनखळीच्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि वर्तमानपत्राचा कागद कापड पिवळं पाडतो, म्हणून दोन्ही नकोत. टाचण्या आणि रबरबँड काढून टाका. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा लवंगांची पुरचुंडी ठेवा, पण ती जरीला टेकू देऊ नका. हँगरवर टांगू नका, जरीच्या वजनाने कापड ओढलं जातं.

पावसाळा सरला की दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत पैठणी बाहेर काढा. उन्हात नको, सावलीत वारं लागू द्या आणि परत ठेवताना मोड बदला. मागच्या वेळी तीन पदरी घडी घातली असेल, तर यंदा चार पदरी घाला. जागा असेल तर मलमल गुंडाळलेल्या जाड नळीवर ती गुंडाळूनच ठेवा, म्हणजे मोडच पडत नाही. कापड धड असेल तर कार्याला जरूर नेसा, मात्र घाम पूर्ण सुकल्याशिवाय घडी घालू नका. अत्तर अंगाला आधी लावा, पैठणीवर मुळीच नको.

फाटलीच, तर घरी शिलाई मारू नका, चिकटपट्टीही लावू नका. आमच्या पैठणीला रफू करणाऱ्या कारागिराने मागून मऊ रेशमाचं अस्तर लावून दिलं. ती आता नेसता येत नाही, पण पदर शाबूत राहिला. जुनी जर विकत घेणाऱ्यांना घाईने देऊ नका. ते कापड जाळून चांदी काढतात, तुम्हाला चांदीचे पैसे मिळतात आणि विणकराचं काम राख होतं. दुःखाच्या दिवसांत असले निर्णय घेऊच नयेत.

आमचं मोठं नुकसान मात्र वेगळंच आहे. ही पैठणी आजीला कुणी दिली, हे आज घरात कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. आत्या म्हणते माहेरची, काका म्हणतात आजोबांनी घेतलेली. आजीला विचारायला आम्हाला आयुष्यभर वेळ होता. विरलेलं रेशीम निदान अस्तरावर तरी धरता आलं, ही गोष्ट आता कुठूनच मिळणार नाही.

तुमच्या घरात थोरली बाई असेल, तर या आठवड्यातच तिच्यासमोर पेटी उघडा. एकेक वस्तू तिच्या हातात द्या आणि कुणाची, कधीची, कुठल्या प्रसंगाची, हे विचारा. ती सांगेल ते पेन्सिलीने कागदावर लिहा, कारण पेनची शाई ओलीने पसरते. खाली तारीख घाला आणि तो कागद मलमलीच्या बाहेरच्या घडीत ठेवा. पाला, लवंगा, मलमल बाजारात केव्हाही मिळतील, म्हणून आधी तिला विचारून घ्या.